दार लागणारी एक खोली

आपल्याकडे घरातला मुलगा इंजिनियर झाला की तो सगळ्याच गोष्टींचा इंजिनियर होतो. माझी पदवी कॉम्प्युटरची, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. पण सुट्टीत गावी गेलो की कुणी इन्व्हर्टर दाखवायला नेतं, कुणी बोअरची मोटर. दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी संघटनेला ऑफिससाठी जागा मिळाली, तेव्हाही तेच झालं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, "प्लॅन इंजिनियरसाहेब देतील." इंजिनियरसाहेबांनी लगेच हो म्हटलं.

तो प्लॅन कसा फसला ते लिहितोय. तुमच्यापैकी बरेचजण आज ना उद्या एखाद्या संस्थेचं, अभ्यासिकेचं नाहीतर स्वतःच्या धंद्याचं ऑफिस उभं करणार आहात, आणि बहुतेक माझ्यासारखीच मोबाइलवर फोटो बघून सुरुवात करणार आहात.

आधी काम काय चालतं ते सांगतो. रेशनकार्डात नाव घालणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि बँकेत तिसरं, हा तर आपल्या लोकांचा कायमचा आजार; त्याची दुरुस्ती. आणि याच्याच बरोबरीने, पण कुठल्याही बॅनरवर नीट न लिहिता येणारं काम: नवऱ्याने सोडलेली बाई, पोटगी, मारहाण, मुलं कुणाकडे राहणार. नवी जागा मिळेपर्यंत हे सगळं आमच्या आपांच्या घरी चालायचं. आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. पुरुष पुढच्या खोलीत बसायचे, पोरं ओट्यावर फॉर्म भरायची, आणि बायका मागच्या गल्लीतून थेट स्वयंपाकघरात यायच्या. आपा भाजी निवडत ऐकायच्या. कागद लोखंडी कपाटात. घरातल्यांची गैरसोय भयंकर व्हायची, म्हणून तर जागा शोधत होतो.

नवी जागा बाजारपेठेत, मेडिकल दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. साधारण ६०० चौरस फूट. पुढे मोठा हॉल, मागे एक छोटी खोली, तिच्यात घरमालकाचं जुनं सामान. जिन्याच्या वळणावर संडास.

मी दोन रात्री बसून प्लॅन काढला. हॉल पूर्ण मोकळा. मधोमध लांब टेबल, त्याच्याभोवती बारा खुर्च्या. एका भिंतीला केशरी-पिवळा रंग, एका भिंतीवर मोठा व्हाइटबोर्ड. कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये काचेची केबिन, "महत्त्वाच्या चर्चेसाठी". बाहेरचं दारही काचेचं. मीटिंगमध्ये मी म्हणालो होतो, "काच म्हणजे पारदर्शक कारभार." सगळे खूश झाले. या वाक्याची मला आजही लाज वाटते. उद्घाटनाचे फोटो मात्र झकास आले, ते कबूल करायला हवं.

तीन महिन्यांनी आपांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. मंगळवार हा बायकांचा दिवस. मंगळवारची पानं जवळजवळ कोरी. फॉर्मवाले येत होते, पोरं तर दुप्पट येत होती, बायकाच येईनाशा झाल्या होत्या. आम्ही कारणं शोधली: लग्नसराई आहे, नवी जागा अजून माहीत नाही. मग माहीत व्हावी म्हणून जिन्याच्या तोंडाशी फ्लेक्स लावला, "कौटुंबिक सल्ला केंद्र, वर". म्हणजे जी बाई जिना चढेल तिच्या घरात भांडण आहे हे अख्ख्या बाजाराला कळावं, अशी व्यवस्था आम्ही स्वखर्चाने केली.

उत्तर माझ्याच घरात मिळालं. आमच्या गल्लीतल्या एक खाला, लहानपणापासून ओळखीच्या, अम्मीकडे आल्या होत्या. लेकीचं प्रकरण होतं. स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात सांगत होत्या. मी न राहवून विचारलं, "खाला, ऑफिसात का नाही आलात? आपा असतात तिथे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी अजून शाळेतच आहे. "बेटा, वां कैसा बोलूं? पूरा बाजार देखता."

खाला एकदा आल्या होत्या म्हणे. पायऱ्या चढून काचेच्या दारापाशी थांबल्या. आत लांब टेबलाभोवती पोरं, त्यांतला एक त्यांच्या जावयाच्या चुलतभावाचा मुलगा. काचेच्या केबिनमध्ये एक बाई बसलेली, आवाज येत नव्हता पण पदर डोळ्यांना लावलेला दिसत होता. खाला तशाच खाली उतरल्या आणि मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी घेऊन घरी गेल्या. कुणी विचारलंच तर सांगायला कारण हवं ना.

हा प्लॅन माझ्या डोक्यात कुठून आला? पुण्यात मी जिथे काम करतो तिथून. आयटी पार्कमध्ये आमचा आख्खा मजला मोकळा आहे, शंभरावर माणसं एका हॉलमध्ये, मॅनेजरही तिथेच. पहिल्या दिवशी भारी वाटतं. आठवड्याभरात कळतं की शेजारचा क्लायंटशी फोनवर बोलतोय, मागे कुणाचा वाढदिवस आहे, आणि तुम्ही एकच ओळ पाचव्यांदा वाचताय. मग हेडफोन येतो. आज आमच्या मजल्यावर जवळजवळ प्रत्येकाच्या कानावर हेडफोन असतो आणि शेजारच्याला काही विचारायचं तर चॅटवर विचारतात. भिंती पाडल्या, आणि प्रत्येकाने आपापल्या कानाभोवती एक भिंत बांधून घेतली.

हा माझा एकट्याचा रडगाणं-कार्यक्रम नाही. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांत भिंती काढून मोकळी रचना केली, त्याच्या आधी आणि नंतर लोक समोरासमोर किती बोलतात हे त्यांनी अंगावर लावलेल्या यंत्रांनी मोजलं. लोक जास्त बोलतील म्हणून भिंती काढल्या होत्या. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले.

गंमत अशी की मोकळ्या ऑफिसची कल्पना मुळात इतकी आळशी नव्हती. १९५० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्न गावात एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी ती मांडली. त्यांनी तिला जे जर्मन नाव दिलं त्याचा अर्थ साधारण "ऑफिसचं निसर्गचित्र". वरून पाहिलं तर टेबलं वाट्टेल तशी विखुरलेली दिसतात. पण टेबल हलवण्याआधी ते लोक नोंदी काढायचे: कोण कुणाशी बोलतं, कुठला कागद कुणाकडून कुणाकडे जातो, फोन किती येतात. त्या नोंदींवरून टेबलं मांडायची. जगाने चित्र उचललं, नोंदी सोडून दिल्या. मीही तेच केलं.

दुसरं उदाहरण त्याहून वाईट. रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या माणसाने हर्मन मिलर या अमेरिकी फर्निचर कंपनीसाठी १९६४ मध्ये "ॲक्शन ऑफिस" आणलं आणि १९६८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. प्रत्येक कर्मचाऱ्याला हवी तशी हलवता येईल अशी पार्टिशनं, मोकळ्या, रुंद कोनात उभी करायची. कंपन्यांच्या लक्षात आलं की ती काटकोनात लावली तर त्याच जागेत जास्त माणसं मावतात. त्यातून क्युबिकल जन्माला आलं, कबुतराचं खुराडं. ज्याने माणसाला मोकळीक द्यायला वस्तू बनवली, तिचाच पिंजरा झाला, कारण विकत घेणारा आणि आत बसणारा हे दोन वेगळे लोक होते.

आमच्या क्षेत्रातलं एक जुनं पुस्तक आहे, टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांचं "पीपलवेअर", १९८७ चं. त्यांनी ६०० च्या वर प्रोग्रामरांच्या कामाची स्पर्धेसारखी तुलना केली. वरच्या पाव भागात आलेल्यांना कामाला सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, तळाच्या पाव भागाला ४६. आता यावरून जागा दिली की माणूस हुशार होतो असं लगेच म्हणता येणार नाही; चांगल्या कंपन्या चांगली माणसंही घेतात आणि चांगली जागाही देतात, असंही असू शकतं. पण शांतता ही चैन आहे, असं म्हणणाऱ्या मॅनेजरला हे पान दाखवायला हरकत नाही. मी दाखवलं. त्याने हेडफोनचा खर्च मंजूर केला.

या सगळ्यापेक्षा मला माझी चूक समजावली ती मेल्विन कॉनवेने. कॉनवे हा प्रोग्रामर. १९६८ मध्ये त्याने एक लेख लिहिला, त्यातला मुद्दा आम्हाला आज "कॉनवेचा नियम" म्हणून शिकवतात. कुठलीही संस्था एखादी व्यवस्था डिझाइन करते तेव्हा त्या व्यवस्थेची रचना संस्थेत कोण कुणाशी बोलतं याची नक्कल निघते. चार टीम असतील तर सॉफ्टवेअरचे चार तुकडे होतात. दोन टीमचं एकमेकींशी पटत नसेल तर ते दोन तुकडेही एकमेकांशी नीट बोलत नाहीत. हे मी रोज भोगतो.

गावाहून परतताना एसटीत बसून विचार केला, आमच्या ऑफिसचा प्लॅन कुणाची नक्कल आहे? व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये चर्चा करणारे पाच जण होतो. पाचही पुरुष. चौघांना पगाराची नोकरी. पाचही जण गुडघे धड असलेले, कडेवर मूल नसलेले, संडासाला जायचं तर कुणाची परवानगी न लागणारे. आपा ग्रुपमध्ये होत्या; त्यांनी पहिल्या दिवशी "माशाअल्लाह" लिहिलं आणि त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही. प्लॅनमध्ये आम्ही पाचजण अगदी हुबेहूब उतरलो होतो.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट आहे असंही नाही. मोठ्या ऑफिसांत एसी किती ठेवायचा याचे जे मानदंड चालत आले, ते १९६० च्या दशकातल्या एका हिशेबावर बेतलेले. आणि शरीर किती उष्णता तयार करतं याचा त्यातला आकडा एका ४० वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषाचा. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी मोजून दाखवलं की बायकांच्या बाबतीत तो आकडा बराच जास्त धरला जातो. आमच्या मजल्यावर मे महिन्यात मुली शाल पांघरून बसतात, ते मी वर्षानुवर्षं पाहत होतो आणि मला वाटायचं, यांना थंडी जास्त वाजते.

तर मग मी जे काम आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. दोन रविवार आणि रजा काढून दोन मंगळवार, दाराजवळ खुर्ची टाकून वही घेऊन बसलो. आमच्या भाषेत याला लॉग वाचणं म्हणतात. सिस्टिम बिघडली की अंदाज बांधायचे नाहीत, आधी काय घडलं ते ओळीने वाचायचं. मंगळवारी मी बसलो तर बायका आणखीच येणार नाहीत, हे आपांनी लक्षात आणून दिलं. म्हणून मंगळवारची वही त्यांनी आणि अजून एका ताईने भरली, मी खाली मेडिकलच्या बाकावर बसून फक्त जिना पाहिला.

वहीत जे निघालं ते कुठल्याही फोटोत नव्हतं. बाई एकटी येत नाही. बरोबर आई, बहीण, नणंद, एक-दोन मुलं. म्हणजे एका प्रकरणामागे चार-पाच माणसं, आणि आम्ही टेबलासमोर दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. वयस्क बायकांना खुर्चीपेक्षा सतरंजी बरी वाटते. खुर्चीवर त्या कडेला टेकून बसतात, जणू आता उठायचंच आहे. वर आल्या की उन्हात चालून घामाघूम झालेल्या असतात, बुरखा काढून ठेवायचा असतो, पण ठेवायचा कुठे? खुंटी नाही, आरसा नाही, आणि काचेतून सगळा हॉल बघतोय. संडासाची किल्ली खाली मेडिकलवाल्याकडे. तो माणूस सज्जन आहे, पण भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर "भाऊ, किल्ली द्या" म्हणायचं, त्यापेक्षा बाई घरून पाणी न पिता निघते. एका ताईने वहीत एवढंच लिहिलं होतं: "तीन तास बसली, पाणी नको म्हणाली." मी ते आधी भिडस्तपणा समजलो असतो.

आणि कॉम्प्युटर. मी स्क्रीन हॉलकडे तोंड करून लावला होता, फॉर्म भरताना सगळ्यांना शिकता यावं म्हणून. रोज लोकांचे आधार नंबर, बँक खाती, कधी एखाद्या तक्रारीचा मसुदा अख्खा हॉल वाचत होता. मी पगार घेतो तो लोकांच्या माहितीची सुरक्षा सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिण्याचा. हसू नका.

पोरांच्या बाबतीत मात्र माझा हॉल यशस्वी होता, हेही सांगायला हवं. त्यांना गोंगाट चालतो, लांब टेबल आवडतं, चार्जिंगचे पॉइंट हवे असतात, संध्याकाळी पाचनंतर यायचं असतं. म्हणजे मोकळी जागा वाईट असते असं काही नाही. एकाच जागेत सतरा वर्षांचा पोरगा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणार आणि तिथेच त्याच्या मावशीने नवऱ्याने काय केलं ते सांगायचं, हे मात्र शक्य नव्हतं.

दुरुस्तीला पैसे फार नव्हते. काचेला पांढरी फिल्म चिकटवून बघितली, आठ दिवसांत कळलं की केबिनचं पार्टिशन छतापर्यंत जातच नाही. वरच्या दीड फुटातून शब्द न् शब्द बाहेर येतो. दिसणं बंद केलं, ऐकू येणं तसंच. शेवटी घरमालकाच्या हातापाया पडून मागची खोली रिकामी करून घेतली. तिला वीटबांधणीच्या भिंती आहेत, एक खिडकी आहे, आणि जुनं लाकडी दार आहे, जे लागतं. आत सतरंजी, तीन खुर्च्या, टेबलफॅन, तीन खुंट्या, आरसा, आपांच्या घरचं तेच लोखंडी कपाट. काचेच्या केबिनमध्ये प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन ठेवलं. तिथे ते पारदर्शकपणे चालू आहे.

बंद दाराचा प्रश्न वेगळा असतो, तोही टाळून चालणार नव्हता. बंद खोलीत कोण कुणाबरोबर बसलंय याची जबाबदारी संस्थेची आहे. यावर आम्ही दोन तास भांडलो. एकाचं म्हणणं, दार लावायचंच नाही, पडदा पुरे. आपा म्हणाल्या, पडद्यातून आवाज जातो. शेवटी दाराला उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हाताएवढी काच बसवली. बाहेरून बघितलं तर खोलीत कोणकोण आहे ते कळतं, पण सतरंजीवर बसलेल्या बाईचा चेहरा दिसत नाही. आत नेहमी दोन कार्यकर्त्या असाव्यात, त्यांतली एक तरी बाई असावीच, आणि दाराजवळची जागा आलेल्या बाईची. आपल्याला कुणी अडवलंय असं तिला वाटू नये. कडी फक्त आतून, साधी.

जिन्याच्या खिडकीला सिमेंटची जाळी बसवली, बांधकामाच्या दुकानात मिळते तीच. उजेड येतो, वारा येतो, पानटपरीवरची नजर अडते. अहमदाबादची सिदी सय्यद मशीद तुम्ही फोटोत पाहिलीच असेल, १५७३ च्या सुमाराची, दगडात कोरलेल्या झाडाच्या जाळीची. त्या कारागिरांपुढे आमची जाळी म्हणजे चेष्टा आहे. पण उन्हाच्या देशात खिडकी कशी करायची हे आपल्याकडच्या गवंड्यांना चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं आणि मी थंड देशातलं काचेचं दार घेऊन आलो होतो. फ्लेक्स काढला. त्याजागी "कागदपत्र मदत केंद्र" अशी छोटी पाटी लावली. कागदपत्रासाठी तर कुणीही जिना चढतं.

बायका परत येऊ लागल्या का? येऊ लागल्या, पण हळूहळू. एकदा गेलेला विश्वास लाकडी दाराने लगेच परत येत नाही. काही जणी अजून आपांच्या घरीच जातात आणि आपा त्यांना नाही म्हणत नाहीत.

अशी खोली फक्त गावच्या संघटनेला लागते असं समजू नका. पुण्यात मी आणि आणखी पाच-सहाजण फायर एक्झिटच्या जिन्यात जोहरची नमाज पढायचो. वॉचमन ओळखीचा, तो खोकून आल्याची वर्दी द्यायचा. आम्ही एचआरकडे नमाजसाठी जागा मागितली होती, उत्तर आलं की एका धर्माला दिली तर सगळे मागतील. त्याच मजल्यावर आमच्या टीममधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून परतली. ती बाळासाठी दूध काढायला स्टेशनरीच्या स्टोअररूममध्ये जायची, दाराला पाठ लावून, कारण त्या दाराला कडी नव्हती. आणखी एकाला अर्धशिशी, तो गाडीत जाऊन झोपायचा. आम्हाला एकमेकांबद्दल काही माहीत नव्हतं. ती मला जिन्यात भेटली, निवांत फोन करायला आली होती, तेव्हा कळलं.

मग आम्ही चौघांनी एकत्र अर्ज केला: एक खोली, आतून लागणारं दार, अपारदर्शक काच, जवळ पाण्याची सोय, एक खुर्ची, बाकी जमीन मोकळी. नाव काही द्यायचं नाही. अर्जात तिने २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीचीही आठवण करून दिली होती. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असं त्या दुरुस्तीत म्हटलं होतं. आमच्या इमारतीतलं पाळणाघर कागदावर होतं. एका महिन्यात जुनी सर्व्हर रूम मोकळी झाली. बाहेर वेळांचा कागद लावलाय, प्रत्येकजण आपली पंधरा मिनिटं लिहितो.

यावर काही मित्र माझ्यावर नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, आपली गरज दुसऱ्याच्या पदराआड का लपवायची? नमाज म्हणायला लाज वाटते का? त्यांचा राग मला समजतो. नकार ऐकताना मलाही तो आला होता. पण मला असं वाटतं की त्या खोलीत आम्ही काही लपवलं नाही. आमची गरज, तिची गरज आणि अर्धशिशीवाल्याची गरज खरोखरच एकच होती, पंधरा मिनिटं कुणी बघत नसेल अशी जागा. शिवाय व्यवहाराचं बोलायचं तर उद्या मॅनेजमेंट बदलली आणि ती खोली काढायला निघाली, तर भांडायला आम्ही पाच-सहाजण नसू, अर्धा मजला असेल.

आता थोडं आपल्या संस्थांच्या ऑफिसांबद्दल, आणि इथे काही वडीलधारी मंडळी रागावतील. तुम्ही अशी कितीतरी ऑफिसं पाहिली असतील: सगळ्यात मोठी, हवेशीर खोली अध्यक्षांची. फिरती खुर्ची, मागे सत्काराचे फोटो, शाल-श्रीफळ, ट्रॉफ्यांचं कपाट. महिन्यातून दोनदा उघडते. आणि रोज येणारी माणसं पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर. आमच्याकडेही मागची खोली रिकामी होतेय म्हटल्यावर एक ज्येष्ठ चाचा म्हणाले की तिथे अध्यक्षांची केबिन करा. उद्या तहसीलदार आले, आमदार आले, तर बसवायचे कुठे? प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. साहेब लोक नीट बसवले तर कामं होतात, हे चाचांनी चाळीस वर्षं पाहिलंय. आम्ही म्हणालो, साहेबांना हॉलमध्ये लांब टेबलापाशी बसवू, पोरांसमोर, चहा देऊ. आजवर तहसीलदार एकदाच आले, टेबलापाशी बसले, एका पोराचा अडकलेला जातीचा दाखला त्यांना तिथेच दाखवता आला. चाचांना ते पटलेलं नाही. ऑफिसची शान गेली असं ते अजूनही म्हणतात, आणि येतात मात्र रोज.

माझ्या मूळ प्लॅनची आणखी एक खोड होती. तो पूर्ण होता. प्रत्येक कोपरा ठरलेला, कुणी खुर्ची हलवली तरी मला खुपायचं. नेदरलँड्समध्ये आपेलडोर्न गावी एका विमा कंपनीचं ऑफिस होतं, सेंट्राल बेहीर, १९७२ मध्ये बांधून झालेलं. वास्तुकार हर्मन हर्ट्झबर्गर. त्याने भिंती करड्या, सिमेंटच्या ब्लॉकच्या, उघड्या ठेवल्या, आणि मोठ्या हॉलऐवजी छोटे छोटे चौक एकमेकांना जोडले. जाणूनबुजून अर्धवट. उरलेलं कर्मचाऱ्यांनी करावं ही अपेक्षा, आणि त्यांनी केलं: घरून झाडं आणली, चित्रं लावली, आपापले कोपरे सजवले. मी त्याचे फोटो पाहतो तेव्हा मला थोडं गबाळं वाटतं, खरं सांगतो. पण आमच्या हॉलमध्येही आता असंच झालंय. आपांनी माठ आणून ठेवला, कुणी पडदा शिवून आणला, पोरांनी माझ्या केशरी भिंतीवर सरकारी भरतीच्या जाहिराती चिकटवल्यात. व्हाइटबोर्डवर कुणाच्या तरी लेकीने मांजर काढलंय, ते पुसायची कुणाची हिंमत नाही.

एक गोष्ट मात्र जमलेली नाही. जागा पहिल्या मजल्यावर आहे. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या, कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा, यांच्यासाठी कुठलाही रंग, कुठलंही दार कामाचं नाही. सध्या दर गुरुवारी सकाळी मेडिकलवाल्याच्या ओट्यावर टेबल मांडतो आणि कार्यकर्ते खाली येतात. पावसाळ्यात तेही बंद पडतं. त्यात तिथे सगळं उघड्यावर, म्हणजे ज्यांना चढता येत नाही त्यांना बंद दार मिळत नाही. गेल्या महिन्यात एक आजी तिथे बसून सुनेबद्दल काही सांगणार होत्या, समोर ओळखीची बाई दिसली आणि त्या पेन्शनचं बोलायला लागल्या.

म्हणून तळमजल्यावर जागा शोधतोय. मशिदीच्या मागच्या गल्लीत एक बंद पडलेली पिठाची गिरणी आहे, भाडं परवडण्यासारखं, पुढे एकच पायरी. पुढच्या रविवारी बघायला जायचंय. मी टेप आणि वही घेऊन तयार आहे. आपांनी सांगितलंय की बरोबर खाला येणार आहेत, त्यांची लेकही येणार आहे, आणि आत गेल्यावर आधी संडास बघायचा, मग बाकीचं.